भिंगारदिवे पायी शोधतात

त्या रविवारी मी चौऱ्याहत्तरपैकी एकसष्ट नावं तपासली, उरलेल्या तेरा नावांपुढे पेनाने बरोबरच्या खुणा केल्या आणि घरी मटण खायला गेलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला त्या दिवशीचं मटण मात्र आठवतं, कारण मी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

एवढ्यावरून कोणाला काही कळायचं नाही, हे मला ठाऊक आहे. नावं कसली, खुणा कसल्या, आणि तेरा राहिली तर असं काय बिघडलं? ते कळायचं तर आधी भिंगारदिवे कळले पाहिजेत. आणि ते मला स्वतःला अजून पुरते कळलेले नाहीत.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिंगारच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात. मी नुकताच नोकरीसाठी नगरला आलो होतो आणि भिंगारमध्ये खोली घेतली होती. माझ्यापुढे एक पन्नाशीचे, उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. खिशाला तीन पेनं. मनगटी घड्याळ होतं, पण ते मनगटावर नव्हतं, तळहातावर धरलेलं होतं. ते एकेक जिन्नस मागत होते.

"खसखस."

दुकानदाराने मागे वळून बरणी काढली.

"टाकणखार."

दुकानदार स्टुलावर चढला, उतरला.

"सुंठ."

असे नऊ जिन्नस समोर आले. मग गृहस्थांनी घड्याळ खिशात टाकलं. "झ्याक. ठेवा माघारी. एक काडेपेटी द्या."

"काका, मग हे सगळं कशापायी काढायला लावलं?"

"काल तुमी दुकान हलवलं ना? फळ्या नव्या, बरण्यांच्या जागा नव्या. समदं सापडतंय का, ते बघत हुतो. सुंठीला लई वेळ लागला."

मला वाटलं, आता जुंपणार. पण दुकानदाराने मुकाट्याने सुंठीची बरणी उचलून खालच्या फळीवर ठेवली. बहुधा त्याला सवय असावी.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात रुजू झालो, तर शेजारच्या टेबलावर तेच गृहस्थ. दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा. नाव सांगत नाही. आमचा संगणक विभाग म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि आतल्या थंड खोलीत एक सर्व्हर. मी पदवीवाला. भिंगारदिवे मॅट्रिक. त्यांनी वीस वर्षं तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये केसपेपरांची बाडं सांभाळली होती. कागद जाऊन संगणक आला तेव्हा नोंदी ताडून बघायला म्हणून त्यांना चार दिवस वर बोलावलं. ते परत खाली गेलेच नाहीत आणि कोणाला त्यांना पाठवायचं आठवलंही नाही.

वर त्यांनी स्वतःच स्वतःला एक काम लावून घेतलं होतं. ते समजायला थोडं यंत्राचं सांगावं लागेल. पेशंटच्या नोंदी ज्यात असतात त्याला आमच्यात टेबल म्हणतात. नोंदी लाखांनी. त्यातून एक नाव काढायचं म्हणजे पहिल्या नोंदीपासून शेवटापर्यंत वाचत जायचं. तेवढा वेळ खिडकीवरच्या रांगेला नसतो. म्हणून यंत्र नावांची एक वेगळी यादी अक्षरांच्या क्रमाने लावून ठेवतं. कुठलं नाव कुठे आहे ते त्या यादीत बघायचं आणि थेट तिथे जायचं. ही यादी म्हणजे इंडेक्स. वापरून वापरून तो विस्कटतो, मग मोडून नव्याने बांधावा लागतो. त्यासाठी एका ओळीची आज्ञा पुरते. यंत्र थोडा वेळ घेतं आणि 'झालं' म्हणून सांगतं. मग आमच्यासारखे लोक चहाला जातात.

भिंगारदिवे जात नसत.

"मुळेसाहेब," ते म्हणायचे. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी पहिल्या दिवसापासून साहेब. "झालं म्हणायला यंत्राच्या बापाचं काय जातंय? सापडतंय का, बघू."

इंडेक्स म्हणजे काय हे मी चार वर्षं कॉलेजात शिकलो होतो. भिंगारदिव्यांनी ते मला एका वाक्यात सांगितलं. "फाट्यावरची पाटी असती का न्हाई, तसं. गाव आपलं गावाच्या जागी असतंय. पण एसटी पाटी बघून वळती. पाटी चुकली तर गावाचा काय दोष?"

म्हणून ते प्रत्येक नाव दोनदा शोधायला लावत. एकदा इंडेक्सवरून. याला ते 'एसटीनं जाणं' म्हणत. आणि एकदा इंडेक्स बंद करून, पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत. हे 'पायी जाणं'. दोन्ही वाटांनी तीच नोंद हाती आली तरच वहीत बरोबरची खूण, आणि पुढे किती वेळ लागला तो आकडा. पायी जायला मिनिटं लागायची. तेवढा वेळ ते पडद्याकडे बघत बसायचे आणि कोणी आत आलं तर हलक्या आवाजात सांगायचे, "थांबा जरा. चालत गेलंय."

या वहीत तेव्हा त्र्याहत्तर नावं होती, वर्णमालेच्या क्रमाने, अ पासून पार क्ष-ज्ञ पर्यंत. मला आधी वाटलं, आली तशी लिहिली असतील. नंतर कळलं की एकेक नाव निवडलेलं आहे. एकाच नावाचे दोघे, एक श्रीगोंद्याचा, एक पारनेरचा, आणि दोघांचा रक्तगट वेगळा. एक बाई, जिच्या छातीत यंत्र बसवलंय. एक माणूस, ज्याला फिट येते पण तो सांगत नाही.

"हीच नावं का, काका?"

"बाकीचे न्हाई सापडले तर नवा केसपेपर काढतील, थोडी तारांबळ हुईल. हे न्हाई सापडले तर माणूस जाईल."

चौऱ्याहत्तरावं नावही होतं. ते वहीच्या मलपृष्ठावर. झुंबरराव लिंबाजी पतंगे. हा माणूस अस्तित्वात नव्हता. भिंगारदिव्यांनी तो तयार केला होता, कारण त्यांचं म्हणणं, जे नाही ते 'नाही' म्हणून सांगता आलं पाहिजे. यंत्र नसलेला माणूस शोधून देऊ लागलं तर त्याच्यासारखं वंगाळ काही नाही. दर तपासणीच्या शेवटी झुंबरराव शोधले जात, सापडत नसत, आणि भिंगारदिवे समाधानाने वही मिटत.

पाच-सहा वर्षं हे सुरळीत चाललं. मग एकदा तपासणीत झुंबरराव सापडले. भिंगारदिव्यांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, कोणीतरी मस्करी केली असेल. नोंद उघडली तर जनरल वॉर्ड, खाट अकरा, हर्निया. आम्ही दोघे वर गेलो. खाटेवर पाथर्डीकडचे एक म्हातारबाबा टोपी घालून बसले होते.

"बाबा, नाव काय तुमचं?"

"झुंबर."

"वडलांचं?"

"लिंबाजी. का वो?"

"आडनाव पतंगेच का? खरं सांगा."

"न्हाई तर काय सोयऱ्याचं लावू?"

भिंगारदिवे खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी बाबांचा हात हातात घेतला. "तुमी लई वर्षं नव्हता," ते म्हणाले. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाबा घरी जाईपर्यंत भिंगारदिवे रोज त्यांना शहाळं नेऊन देत होते. आणि मलपृष्ठावरचं नाव त्यांनी खोडलं नाही, आतल्या पानावर नेलं. नव्या माणसाचं नाव ठरवायला मात्र त्यांना दोन महिने लागले.

घरीही हाच प्रकार. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, कधी डबा द्यायला आल्या की तक्रार करायच्या. "सणाला मांडणी आवरली की ह्यांचं सुरू. जिरं कुठंय, मोहरी कुठंय. मी म्हणलं, भूक लागली की समदं सापडतं, बसा गुमान." भिंगारदिवे मान खाली घालून हसायचे. त्यांना मूल नव्हतं. काकू घरी गेल्यावर टेबलावरचा डबा ते बराच वेळ उघडत नसत.

मला त्यांच्याबद्दल कायम कुतूहल वाटायचं. माणूस असा कशाने होतो? एकदा विचारलं. ते म्हणाले, "साहेब, फाटलेली फाईल परवडली. कळतं तरी, की फाटली. दुसऱ्याच्या खणात गेलेली फाईल असती बी आन नसती बी."

"तुमच्या हातून गेली होती का कधी?"

"एक."

"कोणाची?"

"सापडली असती तर नाव सांगितलं असतं की," ते म्हणाले आणि पेन पुसायला लागले. त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

आता त्या रविवारकडे यावंच लागेल.

आमचा सर्व्हर जुना झाला होता. नवा आला, त्यावर सगळ्या नोंदी नेल्या. नव्या यंत्रात एक फरक होता. जुनं यंत्र क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या अगदी शेवटी ठेवायचं, शाळेच्या तक्त्यात असतात तसे. नवं यंत्र त्यांना क च्या आणि ज च्या घरात धरायचं. म्हणजे जुन्या क्रमाची यादी तशीच राहिली असती तर ज्ञ वरून नाव असलेला माणूस यादीच्या शेवटी बसलेला आणि नवं यंत्र त्याला ज मध्ये शोधणार. तिथे दिसला नाही की 'नाही' म्हणणार. नोंद शाबूत, माणूस शाबूत, आणि उत्तर नाही. म्हणून इंडेक्स नव्याने बांधणं आणि तपासणं भाग होतं. ओपीडी बंद असते म्हणून रविवार ठरला.

नेमकं तेव्हाच काकूंना दाखवायला भिंगारदिव्यांना पुण्याला जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी वही माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"खालची नावं सोडू नका, साहेब. माणूस तिथंच दमतो."

रविवारी सकाळी मी इंडेक्स बांधायला लावले. पाच होते. पडद्यावर ओळी सरकत गेल्या आणि शेवटी 'झालं' आलं. मी वही उघडून तपासायला बसलो. दहा वाजता सुरू केलं. एसटीनं, पायी. एसटीनं, पायी. सगळं बरोबर येत होतं, आणि बरोबर येत राहण्यासारखं कंटाळवाणं काही नाही. त्या दिवशी कर्जतहून बहीण आणि मेहुणे आले होते. अडीचपर्यंत बायकोचे तीन फोन झाले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "भाकरी टाकू का, तेवढं सांगा." स च्या मध्यावर होतो. मी म्हणालो, "टाक."

उरलेल्या तेरांपुढे खुणा केल्या. भिंगारदिवे खुणेची शेपटी उजवीकडे लांब ओढायचे, तशीच ओढली. वेळेच्या रकान्यात सुचतील ते आकडे घातले. जरा कमीजास्त घातले, खरे वाटावेत म्हणून. याला पाच मिनिटं लागली. एक नाव खरोखर तपासायला साधारण तेवढीच लागतात.

सोमवारी ते पुण्याहून थेट कामावर आले. डोळे ओढलेले.

"तपासलं?"

"हो."

"पार ज्ञ पर्यंत?"

"हो, काका. सगळी."

त्यांनी वही चाळली, खाली सही केली आणि चहा सांगितला. मी काकूंचं विचारलं. ते म्हणाले, "किडनीचं हाय. बघू." मग आम्ही चहा प्यालो.

चार दिवसांनी तिसगावहून ज्ञानदेव ससे नावाचे गृहस्थ पायाला जखम होऊन आले. तिसगावच्या बाजारात ते दोरखंड, दावी, कासरे विकायचे. दोरी स्वतः वळायचे. जुनं कार्ड हरवलं होतं, म्हणून खिडकीवर नावाने शोध घेतला. यंत्र म्हणालं, नाही. नवा कोरा केसपेपर निघाला. सिस्टरने विचारलं, कुठलं औषध चालत नाही का? ते म्हणाले, "मागं एक इंजेक्शन दिल्तं, लई तरास झाल्ता. तुमच्या कागदावर लिवलंय की समदं." नव्या कागदावर काहीच नव्हतं. इंजेक्शनचं नाव त्यांना येत नव्हतं. तेच इंजेक्शन दिलं गेलं.

ते वाचले. हे आधी सांगतो, कारण त्या आठवड्यात ते आम्हाला माहीत नव्हतं. श्वास बंद पडला होता, नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. घरी गेले तेव्हा उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. ती पुढेही वळली नाहीत.

भिंगारदिव्यांना हे वॉर्डातून कळलं. ज्ञानदेव ससे हे नाव त्यांच्या वहीतलं शेवटचं होतं. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच नाव टाकलं. एसटीनं. नाही. मग पायी. मी शेजारी उभा होतो. इतकी वर्षं ती मिनिटं मला कंटाळवाणी वाटली होती. शेवटी नोंद आली, तांबड्या अक्षरातल्या इशाऱ्यासकट. मग मी रविवारच्या ओळी वर सरकवून बघितल्या. पाचपैकी नावांचा इंडेक्स बांधताना डिस्कवर जागा कमी पडली होती आणि यंत्राने जुनाच ठेवून दिला होता. मधेच एक ओळ तसं सांगत होती. शेवटचं 'झालं' बाकीच्या चारांचं होतं.

भिंगारदिव्यांनी वही उघडली. शेवटच्या नावापुढची खूण बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. "जागा करा आन परत बांधा," एवढंच म्हणाले. त्या दिवशी आम्ही सगळी नावं तपासली. ते वाचत होते, मी टाकत होतो.

ट्रस्टच्या तिघांनी चौकशी केली. वही टेबलावर होती. विचारलं, तपासणी कोणी केली? मी तोंड उघडलं, ते खरं आहे. काय म्हणणार होतो ते मला आजही माहीत नाही. भिंगारदिवे म्हणाले, "सही माझी हाय."

"पण तुम्ही त्या दिवशी रजेवर होता ना?"

"सही माझी हाय," ते पुन्हा म्हणाले.

मला काहीच विचारलं गेलं नाही. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, नोकरी कायम व्हायची होती, अशी कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. त्या खोलीत त्यातलं एकही आठवलं नव्हतं. तिथे मी फक्त गप्प बसलो, आणि ते फार सोपं गेलं.

भिंगारदिव्यांना पुन्हा तळघरात पाठवलं, जुने कागद रद्दीसाठी निवडायला. शेवटची तीन वर्षं त्यांनी तिथे काढली. मी विभागप्रमुख झालो. जिन्यात भेटले की विचारायचे, "काय मुळेसाहेब, सापडतंय का?" मी म्हणायचो, "सापडतंय." त्यात टोमणा होता का, हे मी खूप शोधलं. नव्हता. मग ते निवृत्त झाले. काकू गेल्या तेव्हा मी भिंगारच्या स्मशानभूमीत लोकांच्या मागे उभा राहिलो आणि न भेटता परत आलो.

मधे कितीतरी वर्षं गेली. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज तोच.

"मुळेसाहेब, जिल्ह्याचं नाव बदललं. पेशंटच्या पत्त्यातलं बदललं का तुमी?"

"बदलतोय, काका. सगळीकडे अहिल्यानगर करायचंय."

"म्हंजे त्या रकान्यावरचा इंडेक्स नव्यानं बांधणार."

"बांधणार."

"तपासणार कोण?"

मी टेबलावरचे कागद सरळ केले. तेच म्हणाले, "वही माझ्याकडं हाय. येऊन घेऊन जावा."

इतकी वर्षं शेजारी बसलो, पण त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. कॅन्टोन्मेंटच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. दार उघडंच होतं. भिंगारदिवे जमिनीवर बसले होते, पायाच्या अंगठ्यात दोरीचं टोक अडकवून. दोन्ही तळव्यांत पीळ घालणं चाललं होतं. तळवे घट्टे पडून काळे झालेले. भिंतीशी तयार दाव्यांची चळत.

"हे काय, काका?"

"दावी. ज्ञानदेवची." त्यांनी मान वर केली नाही. "त्याची बोटं वळत न्हाईत. त्यानं मला शिकवलं. पहिलं वरीसभर समदी उसवायची, शिव्या द्यायचा. आता घेतो चालवून. पीळ मी घालतो, बाजारात तो बसतो. गिऱ्हाइकाशी बोलणं त्याला जमतं, मला कुठलं."

"किती वर्षं चाललंय?"

"रिटायर झाल्यापासनं. बाजारच्या दिवशी जातो एसटीनं, त्याच्या घरी जेवतो, सांजच्याला माघारी. हितं तरी कोण हाय?"

आतल्या खोलीत एकच ताट उपडं घातलेलं दिसत होतं. मी बसलो. बोलायचं म्हणूनच आलो होतो, वही हे निमित्त होतं. वाक्यही तयार केलं होतं. मी चळतीतलं एक दावं उचलून बघत बसलो. पीळ सरळ करत भिंगारदिवेच म्हणाले, "त्या दिवशी एकसष्ट हुती ना?"

मी हातातलं दावं खाली ठेवलं.

"कोण कधी काय शोधतं ते यंत्र लिवून ठेवतं. तुमीच शिकवलं हुतं मला. ज्ञानदेव सापडला न्हाई त्याच दिवशी बघितलं. दुपारी अडीचला शेवटचा शोध. त्याच्यापुढं काय न्हाई."

"मग चौकशीत तुम्ही..."

"मी काय?" त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. समजत नसल्यासारखं बघितलं. "तुमाला वाचवलं असं वाटतंय का तुमाला? तसलं काय न्हाई, साहेब. तुमी यंत्राचं ऐकलं, मी तुमचं ऐकलं. सही करायच्या आधी मी एक नाव, एकच, पायी जाऊन बघितलं असतं तर? तुमी काय हात धरला हुता माझा? दमलो हुतो, चहा पायजे हुता. माझी चूक ती माझी. तुमची तुमी बघा."

इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस माझा गुन्हा डोक्यावर घेऊन तळघरात उतरला. तसं असतं तर मला रडून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी फक्त स्वतःचा उचलला होता. माझा जिथल्या तिथे ठेवला होता.

"सशांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"माझ्या सहीनं झालं म्हणून. दवाखान्यातनं घरी गेला, त्याच महिन्यात जाऊन सांगितलं. पहिल्यांदा त्यानं दारातनंच हाकललं. तिसऱ्या खेपेला पाणी दिलं." त्यांनी दोरीच्या टोकाला गाठ मारली. "तुमचं नाव मी घेतलं न्हाई. घेणार बी न्हाई. ते माझं काम न्हाई."

मग त्यांनी वही काढून दिली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. मी घेतली. त्या दिवशी बाजार होता. दाव्यांचं एक ओझं त्यांनी उचललं, एक मी, आणि आम्ही चालत स्टॉपवर गेलो. एसटी आली. वर चढून ओझी लावून झाल्यावर ते दारातून वाकून म्हणाले, "येताय का? संध्याकाळपर्यंत माघारी येऊ. तेवढीच सोबत."

मी म्हणालो, ऑफिस आहे. ते बरं म्हणाले आणि आत जाऊन खिडकीशी बसले. शेजारची जागा मोकळी होती.

ज्ञानदेव सशांना मी अजून भेटलेलो नाही. ती नावं मी तपासली नव्हती, हे मला तिसगावला जाऊन त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे. आणि भिंगारदिव्यांनी ती सही माझ्या खोट्या शब्दावर केली, हे ट्रस्टला माझ्या सहीने लेखी द्यायचं आहे. ही दोन्ही कामं माझ्याकडून व्हायची राहिली आहेत.